पहिले पंधरा दिवस : प्रस्तावना

तीन वर्षांचं मूल बालवाडीच्या दारात रडायला लागलं की भोवतीची सगळी मोठी माणसं एकाच कामाला लागतात : रडणं थांबवायचं. ताई खुळखुळा वाजवतात, मदतनीस त्याला कडेवर घेऊन खिडकीतल्या चिमण्या दाखवते, आजी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढते आणि कोणीतरी आईच्या कानात सांगतं, ‘त्याचं लक्ष नाही तोवर निघा तुम्ही.’ आई निघते. दोन मिनिटांनी मूल वळून बघतं तर आई नाही. त्यानंतरचं रडणं वेगळं असतं. आधीच्या रडण्यात विनवणी होती, आता धास्ती आहे. ज्या माणसाकडे पाठ केली की ते नाहीसं होतं, त्याच्याकडे पाठ तरी कशी करायची? दुसऱ्या दिवशी हे मूल खेळण्यांकडे ढुंकूनही बघत नाही. आईचा पदर दोन्ही मुठींत धरून बसतं आणि सगळे म्हणतात, ‘काल बरा होता, आज जास्तच हट्टाला पेटलाय.’

हे पुस्तक त्या पहिल्या दिवसांबद्दल आहे. बालवाडी, अंगणवाडी, नर्सरी, प्लेग्रुप अशी नावं वेगवेगळी असली तरी उंबरा एकच. बालवाडीताईंच्या प्रशिक्षणाचं काम मी करते, आणि दर जूनमध्ये माझ्याकडे येणारा पहिला प्रश्न हाच असतो : ‘ही रडकी मुलं शांत कशी करायची?’ त्याचं उत्तर द्यायच्या आधी प्रश्नच जरा बदलून घ्यावा लागतो. रडणं थांबलं म्हणून मूल रुळलं असं होत नाही. पडल्यावर, तहान लागल्यावर, चड्डी ओली झाल्यावर ते आपण होऊन ताईंकडे जाऊ लागलं, की ते रुळलं. हे घडायला रडण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ मुलाला देण्याची व्यवस्था मोठ्यांनीच करायची असते. पुढची सगळी प्रकरणं याच एका गोष्टीभोवती आहेत.

आधी मुलाकडे बघू. सात-आठ महिन्यांचं बाळ परक्या माणसाच्या हातात गेलं की ओठ काढू लागतं. ‘आता माणूस ओळखायला लागलं,’ असं घरातल्या बायका म्हणतात आणि त्यांचं निरीक्षण अचूक असतं. आपलं कोण हे कळलं, म्हणजे ते माणूस दूर गेल्याचंही कळायला लागलं. पुढच्या वर्षभरात हे दूर जाणं मुलाला फार सोसत नाही. आई न्हाणीघरात गेली तरी दारावर थापा पडतात. तीन वर्षांच्या आसपास एक मोठी गोष्ट साधते : आई समोर नसली तरी ती आहे आणि येणार आहे, ही खात्री मूल काही काळ मनात धरून ठेवू शकतं. यातले ‘काही काळ’ हे शब्द महत्त्वाचे. भूक, झोप, अंगातली कणकण, चाळीस मुलांचा गोंगाट यातलं एक जरी आडवं आलं तरी ती खात्री सुटते. मग त्या क्षणी जवळ असं एखादं माणूस लागतं, ज्याच्या कुशीत शिरता येईल. बालवाडीत पहिल्या दिवशी असं माणूस नसतं. ते तयार करावं लागतं, आणि आईला दारातून हाकलून ते तयार होत नाही.

मूल गप्प बसलं म्हणजे सगळं ठीक, हा समज जगभर होता. तो मोडायला एका छोट्या चित्रपटाची मदत झाली. १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी लॉरा नावाच्या दोन वर्षं पाच महिन्यांच्या मुलीचं रुग्णालयातलं वास्तव्य चित्रित केलं. बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस तिथे होती. त्या काळी आईवडिलांना मुलाजवळ राहू देत नसत, थोडा वेळ भेटता येई एवढंच. लॉरा आकांत करत नाही. वयाच्या मानाने ती फारच सावरून वागते, अधूनमधून हळू आवाजात आईची आठवण काढते. पण दिवस जातात तशी ती मिटत जाते, आणि आई भेटायला आली तरी तोंड फिरवू लागते. रॉबर्टसन हे जॉन बोल्बी यांचे सहकारी. मूल आणि त्याची जवळची माणसं यांच्यातल्या नात्याची आज जगभर शिकवली जाणारी मांडणी बोल्बींची आहे. तो चित्रपट डॉक्टरांनी सुरुवातीला सहज मान्य केला नाही. तरी १९५९ साली ब्रिटनमधल्या सरकारी समितीने, आईवडिलांना रुग्णालयात मुलांजवळ मोकळेपणी येऊ द्यावं, अशी शिफारस केली. रुग्णालयाने दार उघडलं. आपल्याकडच्या कितीतरी नर्सऱ्यांच्या फाटकावर मात्र आजही पाटी असते : ‘पालकांनी येथून पुढे येऊ नये.’

बर्लिनमध्ये १९८०च्या दशकात पाळणाघरांसाठी एक पद्धत बसवली गेली. जर्मनीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी आईवडिलांना ती परिचयाची असेल. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर साधारण तासभर पाळणाघरात येतात आणि त्याला घेऊनच घरी जातात. या तीन दिवसांत ताटातूट नाहीच. आई एका जागी बसून राहायची. मुलाला ‘जा, खेळ’ म्हणून ढकलायचं नाही, आणि ते जवळ आलं तर घ्यायचं. सांभाळणारी बाई हळूहळू त्याच्या खेळात शिरते. चौथ्या दिवशी आई सांगून खोलीबाहेर जाते, पण इमारतीतच थांबते. बाईंच्या जवळ घेण्याने मूल शांत झालं तर अर्ध्या तासापर्यंत बाहेर राहायचं. नाही झालं तर दोन-तीन मिनिटांत परत यायचं आणि पुढच्या प्रयत्नाला आणखी काही दिवस द्यायचे. चौथा दिवस सोमवारी आला तर पहिली ताटातूट एक दिवस पुढे ढकलायची, कारण दोन दिवस घरी राहिलेल्या मुलाला ओळख पुन्हा ताजी करावी लागते. या सोमवारच्या नियमात मुलाबद्दलचं जे बारीक निरीक्षण आहे त्याला दाद द्यावीशी वाटते.

याच शहरातल्या मुलांवरचा लिझेलोटे आनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलं होती सव्वा वर्षाच्या आसपासची. लाळेतल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकावरून शरीरावरचा ताण मोजता येतो. आई निघून गेल्यावर पहिल्या तासाभरात या संप्रेरकाचं प्रमाण घरच्या पातळीपेक्षा ७५ ते १०० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. आणि ज्या आयांनी मुलाला रुळवण्यासाठी जास्त दिवस दिले, त्यांच्या मुलांचं आईशी असलेलं नातं भक्कम राहिलं किंवा भक्कम झालं. आपल्या बालवाडीतली मुलं याहून मोठी असतात, म्हणून हे आकडे जसेच्या तसे त्यांना लावू नयेत. पण वेळ दिला तर तो वाया जात नाही, हे इथूनही कळतं.

‘हे तिकडचं झालं, तिथे पाच मुलांमागे एक बाई असते,’ असं म्हणून हे बाजूला सारण्याची घाई नको. हीच समज आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी होती आणि ती गरिबीत, गळक्या छपराखाली राबवलेली होती. १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं. तिथे ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार. शहरातल्या सुशिक्षित घरांत बालशिक्षण रुजतंय असं दिसत असताना ताराबाई १९४५ साली पालघरच्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या (तेव्हा तो ठाणे जिल्हा होता) आणि अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली तरी ज्यांच्यासाठी ती उघडली होती ती मुलं येईनात. दलित वस्तीतल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना गावातल्या त्या दाराची भीती होती. भीतीला कारणही होतं, कारण त्यांच्या आईबापांनी अशी दारं बंदच पाहिलेली. मग या दोघींनी बालवाडी उचलून वस्तीत नेली. मुलांच्या घरापुढच्या अंगणात, आई भाकऱ्या थापतेय आणि आजी टोपली विणतेय अशा जागी, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गोष्ट सांगायची. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात तिची कल्पना या अंगणांतली आहे. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे दिसलं की थोरल्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं. म्हणून प्राथमिक शाळेला लागून बालवाडी आणि बालवाडीला लागून पाळणाघर असं एकत्र उभं केलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. बाहेरून आणलेल्या महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. त्यात खर्चाची बचत होतीच, पण घराभोवती रोज हाताळलेली वस्तू शाळेत समोर आल्यावर मुलाचा हात आपसूक पुढे होतो, हेही त्यात होतं. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात त्या कामाची हकिगत सांगितली आहे. बालवाडीचं काम करणाऱ्या प्रत्येकीने ती वाचावी.

बर्लिनची पद्धत सांगते की आईला शाळेत बसवा. बोर्डीने शाळाच आईपाशी नेऊन बसवली. दोन्हीकडे मुलाला ओळखीच्या माणसाच्या नजरेसमोर नव्या माणसाची ओळख करून घेता आली. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवर पहिलं ‘मोबाइल क्रेश’ सुरू केलं, त्यामागेही हेच होतं : आई जिथे विटा वाहते तिथेच मूल, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत तिला अंगावर पाजता येतं. पुढे मुंबई-पुण्यातही बांधकामांवर अशी पाळणाघरं निघाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. व्याप्ती अफाट वाढली. पोषण आहार, लसीकरण, वजन-उंचीच्या नोंदी, गरोदर बायकांच्या भेटी हे सगळं एका सेविकेच्या आणि एका मदतनिसाच्या गळ्यात पडलं. २००९चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकेल, एवढ्यावरच त्याच्या कलम ११ने भागवलं. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षं शिक्षणाचा पाया मानली, २०२२ साली त्या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही आला. ही मोठी पावलं आहेत. पण मूल दारातून आत येतानाचे दिवस आपल्या वेळापत्रकांत अजून उतरलेले नाहीत. प्रवेशाची तारीख असते, गणवेशाची असते, अंक आणि मुळाक्षरं सुरू करण्याचीसुद्धा असते. ओळखीसाठी राखलेला आठवडा कुठे दिसत नाही.

एका बाबतीत मात्र अंगणवाडी शहरातल्या झकपक नर्सरीच्या कितीतरी पुढे आहे. सेविका त्याच गावची असते. मुलाची आजी तिची ओळखीची असते आणि मूल घरी काय बोलतं ते तिला कळतं. मेळघाटात कोरकू, पालघरला वारली, गडचिरोलीत गोंडी-माडिया, तांड्यावर गोरमाटी : पहिल्या दिवसांत मुलाच्या कानावर त्याच्या घरचे चार शब्द पडले तर निम्मं काम होतं. ताईंना ती बोली येत नसेल तर आईकडून निदान पाणी, शी, शू, भूक, दुखतंय आणि ‘आई येणार आहे’ एवढं शिकून घ्यावं, आणि मूल झोपाळलं की घरी त्याला काय म्हणतात तेही. शहरात मराठी घरातलं मूल इंग्रजी नर्सरीत जातं तेव्हा त्याची अडचण हीच असते, फक्त तिथे कोणाला ती अडचण वाटत नाही. तीन वर्षांच्या मुलाला ‘मे आय गो टू द टॉयलेट’ म्हटल्याशिवाय जाऊ न देणं हा क्रूरपणा आहे, आणि तो शिस्तीच्या नावाखाली चालतो.

शू-शीचा विषय निघाला तो जरा विस्ताराने बोलू, कारण पालकसभेत तो कोणी काढत नाही आणि मुलाच्या दिवसाचा निम्मा भार त्याच्यावर असतो. घरी मूल मोरीत किंवा अंगणाच्या कडेला बसतं, जवळ कोणीतरी असतं, झाल्यावर तांब्याने पाणी ओततं. बालवाडीत समोर येतो एक अंधारा संडास. फरशी निसरडी, भांडं मोठ्यांच्या मापाचं, दाराची कडी हाताला न पोचणारी, आणि आत कोंडले जाऊ ही भीती. त्यात अंगावर नवा गणवेश : बटणाची विजार, वर पट्टा. मूल शू दाबून बसतं. सकाळपासून दुपारपर्यंत बसतं. पाणी प्यायचं टाळतं, खिचडीला तोंड लावत नाही, पोट धरून रडतं, आणि आपण त्याला हट्ट म्हणतो. शेवटी चड्डी ओली होते, बाकीची मुलं हसतात आणि दुसऱ्या दिवशी ते दारातच पाय रोवून उभं राहतं. याचा इलाज फार सोपा आहे. पहिल्याच दिवशी आईने किंवा आजीने मुलाला ती जागा दाखवावी, एकदा तिथे बसवावं, मग त्याच्याच हाताने एक मग पाणी ओतू द्यावं. दार लोटलेलं ठेवावं. पहिला महिना गणवेश नको, इलास्टिकची चड्डी बरी. दप्तरात बदलायचे कपडे असावेत आणि ते बदलताना ताईंच्या तोंडून एकही बोचरा शब्द जाऊ नये.

दुसरी विस्ताराने बोलायची गोष्ट म्हणजे निरोप. ‘आई भाजी आणायला गेलीय, आत्ता येईल’ हे वाक्य बालवाड्यांच्या दारात रोज ऐकू येतं. मुलाला घड्याळ कळत नाही, पण ‘आत्ता’ मात्र बरोबर कळतं. ते आत्ता संपतं, आई येत नाही, आणि मूल दोन माणसांवरचा विश्वास एकदम गमावतं : आईवरचा आणि ते वाक्य बोलणाऱ्या ताईंवरचा. खरं सांगावं. ‘मी कामाला जातेय. तुझी खिचडी खाऊन झाली, गाणी झाली, की न्यायला आजी येईल.’ वेळ तासांत न सांगता मुलाच्या दिवसातल्या गोष्टींत सांगावी, आणि म्हणूनच ताईंनी त्या गोष्टींचा क्रम रोज तोच ठेवावा. आजी येईल म्हटलं तर आजीच यावी. काका येणार असतील तर सकाळीच तसं सांगावं. निरोप घेतल्यावर निघावं. तीनदा मागे वळून, पुन्हा जवळ घेऊन, स्वतः डोळे पुसत उभं राहिलं की मुलाला वाटतं, आईलाही ही जागा धोक्याची वाटतेय. मूल रडेल. रडू द्यावं, पण एकटं नव्हे. ताईंनी मांडीवर घ्यावं, ‘आई गेली म्हणून रडू येतंय ना तुला? येणार आहे ती,’ असं म्हणावं आणि जवळ बसावं. ‘मुलगा असून रडतोस?’ हे वाक्य बालवाडीतून हद्दपार व्हावं. आईची ओढणी, आजीच्या लुगड्याचा तुकडा, घरची वाटी असं काही मूल हातात धरून बसलं असेल तर ते काढून घेऊ नये. त्याचं त्यालाच ते एके दिवशी नकोसं होतं.

घरच्यांसाठी एक कडक सूचना. मे महिनाभर ‘मस्ती केलीस तर शाळेत टाकीन’, ‘बाई छडी मारतील तेव्हा कळेल’ असं ऐकलेलं मूल जूनमध्ये हसत आत जाईल ही अपेक्षाच गैर आहे. शाळेचा धाक घालणं आजपासून बंद करा. त्याऐवजी संध्याकाळी त्या बाजूला फिरायला न्या, कुंपणातून घसरगुंडी दाखवा, ताई भेटल्या तर दोन शब्द बोला. मुलाच्या देखत आई आणि ताई हसून बोलल्या, हे त्याला कुठल्याही समजावणीपेक्षा जास्त पटतं.

आता न रडणाऱ्या मुलांबद्दल, कारण त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. कोपऱ्यात भिंतीला टेकून, दप्तर खांद्यावरून न काढता, दुपारपर्यंत एका जागी बसणारं मूल ‘गुणाचं’ ठरतं. ताईंचे हात रडणाऱ्यांत गुंतलेले असतात, हे खरंच आहे. तरीही दिवसातून दोन-चार वेळा त्याच्याजवळ जाऊन बसावं, काही न विचारता समोर खडे मांडावेत. काही मुलं मुळातच आधी बघतात आणि मग उतरतात, त्यांना बघू द्यावं. पण खाणं-पिणं, बोलणं, हालचाल सगळंच आक्रसलं असेल तर ते रुळणं नव्हे. दुसरं असंच चकवणारं दृश्य सुटीच्या वेळचं. सकाळभर आनंदात खेळलेलं मूल आई दिसताच भोकाड पसरतं. आईच्या मनात शंका येते, बाईंनी काही केलं असेल का? बहुतेक वेळा ते दिवसभर आवरून धरलेलं आईच्या कुशीत सोडून देत असतं, आणि हे नातं चांगलं असल्याचं लक्षण आहे. त्या वेळी ‘आज काय शिकवलं, कविता म्हणून दाखव’ अशी उलटतपासणी नको. पाणी द्यावं, जवळ घ्यावं, घरी न्यावं. पहिल्या महिन्यात रात्री अंथरूण ओलं होणं, आईला चिकटून राहणं, पुन्हा बोबडं बोलणं हेही होतं आणि बहुधा आपोआप ओसरतं. गणपतीच्या, दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं पहिल्यापासून सुरू झाल्यासारखं वाटलं तरी खचू नये. यावेळी ते लवकर सावरतं.

मात्र महिना उलटूनही मूल खात नसेल, घरी घडाघडा बोलणारं तिथे एक शब्द बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं, ऐकू नीट येतं का तेही तपासून घ्यावं. आणि रुळलेलं मूल अचानक एखाद्या विशिष्ट माणसाला किंवा खोलीला भ्यायला लागलं तर ‘नाटकं करतंय’ म्हणून उडवून लावू नये. त्याचं ऐकावं आणि लगेच चौकशी करावी.

या पुस्तकातलं एक प्रकरण ऊसतोड कामगारांच्या मुलांवर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून कुटुंबं कारखान्यांकडे निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्यांच्याबरोबर तीन-चार वर्षांचं मूल. जूनमध्ये गावच्या अंगणवाडीत कुठे रुळलेलं मूल दिवाळीत फडावर जातं. तिथे अंगणवाडी जवळ असली तर पुन्हा नवी ताई, आणि उन्हाळ्यात परत गावी. अशा मुलाला वर्षातून दोनदा-तीनदा उंबरा ओलांडावा लागतो, आणि त्याची आई पहाटे अंधारात तोडीला गेलेली असते. तिला ‘तीन दिवस येऊन बसा’ कसं सांगणार? तिथे थोरलं भावंड, शेजारच्या खोपटातली म्हातारी, गेल्या वर्षीपासून ताईंना ओळखणारं चार वर्षांचं पोर, यांच्यापैकी कोणाला तरी सोबत घ्यावं लागतं. मुलाला ओळखीचं माणूस हवं, ते आईच असलं पाहिजे असं नाही. हेच धुणीभांडी करणाऱ्या, कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या आणि आयटी कंपनीत लॉग-इन करणाऱ्या आयांनाही लागू आहे. वडिलांनी ही जबाबदारी घ्यावी असं मला मनापासून वाटतं. जूनमध्ये तीन दिवसांची रजा काढून बालवाडीच्या सतरंजीवर बसणारे बाबा अजून फार थोडे दिसतात. आजोबा दिसतात, आणि ते उत्तम बसतात.

सेविका म्हणतील, ‘आमच्याकडे एका दिवसात पंधरा नवी मुलं येतात, एकेकाची आई आत बसवली तर पाय ठेवायला जागा राहणार नाही.’ अडचण खरी आहे. म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी बोलवू नका. जुनी मुलं आधी चार दिवस येऊ द्या, त्यांचा खेळ-गाण्यांचा क्रम बसू द्या. मग नवी चार-पाच मुलं घरच्या माणसासह तासभर, पुढच्या आठवड्यात आणखी चार-पाच. आत आलेल्या आजीला नुसतं बसवू नका, तांदूळ निवडायला द्या, जात्यावरची ओवी म्हणायला सांगा. मुलाच्या डोळ्यांसमोर आपली आजी इथे कामाची आहे हे घडलं की ती जागा त्याची होते. पर्यवेक्षिकांनी या दिवसांत पटावरच्या हजेरीचा आकडा मागताना हे ध्यानात ठेवावं, एवढी त्यांना विनंती.

हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचलंच पाहिजे असं नाही. पालकांनी निरोपाचं प्रकरण आधी वाचावं, ताईंनी जागेचं आणि बोलीभाषेचं, आणि संस्थाचालकांनी मे महिन्यातच पालकसभेचं. पण संस्थाचालकांना एक मागणं इथेच मागते. येत्या जूनमध्ये फाटकावरची ती पाटी उतरवा. पहिले पंधरा दिवस वही, पेन्सिल, वर्कशीट यांपैकी काहीही काढू नका, आणि वेळापत्रकात त्या दिवसांपुढे एवढंच लिहा : मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी ओळख.